दहापैकी किती?

१४ जुलै २०२४, रविवार
मागच्या दारी धुण्याच्या दगडापाशी शेवाळावरून पाय सरकला आणि डावी कूस थेट दगडाच्या कडेवर आपटली. दोन मिनिटं आवाजच फुटेना. शेजारीण धावत आली ती "नदीवर गेला होतात का?" म्हणतच. खडवलीत पावसाळ्यात कुणीही पडलं की भातसेवरच पडलं असणार. सासूबाईंचं निदान : मुका मार. आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून लेप लावला. गार वाटलं, पण श्वास घेतला की आत काहीतरी करकरतंय.

१५ जुलै
कल्याणला एक्स-रे काढला. सातव्या-आठव्या बरगडीला तडा. प्लास्टर नाही, पट्टासुद्धा नाही. पट्टा आवळला की छाती फुलत नाही म्हणे. बरगडी सहाएक आठवड्यांत आपली आपण जुळते, सांभाळायचं ते फुप्फुस. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो, मग कफ साठून न्यूमोनिया. तेव्हा गोळी दुखायला लागल्यावर नाही, घड्याळ बघून घ्यायची.

डॉक्टरांनी विचारलं, "दहापैकी किती दुखतंय?" गणिताचा पेपर हातात पडल्यासारखी मी गप्प. म्हटलं, बसून ठणका आहे, कूस बदलताना चमक येते, आणि खोकला आला की जीव जाणारी कळ. ते म्हणाले, "खोकतानाचा आकडा सांगा." नऊ. तेवढंच कागदावर गेलं.

१७ जुलै, आषाढी एकादशी
"उपासाला गोळी चालते का गं?" गोळी चालते, रिकामं पोट चालत नाही. खिचडी खाऊन घेतली. पाकिटावर वाचलं : ॲसिक्लोफेनॅक १०० मिग्रॅ, पॅरासिटामॉल ३२५. हे ॲसिक्लोफेनॅक डायक्लोफेनॅकचं भावंडच. डायक्लोफेनॅक दिलेली जनावरं मेली, ती खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि थवेच्या थवे संपले. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, ॲसिक्लोफेनॅकवर २०२३ मध्ये.

संध्याकाळी सासूबाई हळूच म्हणाल्या, "त्यातली एक दे, गुडघ्याला." बीपीच्या गोळ्या चालू, वय सत्त्याहत्तर. गिधाडांची गोष्ट सांगितली. "मी काय गिधाड आहे?" म्हणून रुसल्या. पाकीट कपाटात वर ठेवलंय.

२० जुलै
श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र. पहिल्या दिवशी मी त्यात फुंकर मारत बसले. ओढायचं असतं, हे नवऱ्याने पाकिटावरचं चित्र बघून सांगितलं. पहिला चेंडू ६००ला उठतो, दुसरा ९००ला, तिसरा १२००ला. माझा पहिला थरथरतो आणि बसतो. खोकताना उशी कुशीशी घट्ट धरायची, हे मात्र रामबाण. नऊचे सहा होतात.

सर्दी झालीय, म्हणजे शिंका. औषधाच्या दुकानातून सर्दीची गोळी आली, त्यातही पॅरासिटामॉल ५००. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. दिवसाला ४ ग्रॅमच्या आत राहायचं असतं, तेही वरची हद्द म्हणून. आणि ते सगळ्या गोळ्यांचं मिळून. वहीच्या मागच्या पानावर दुधाच्या हिशोबाखाली बेरीज मांडली. सर्दीची परत केली. वाफ घेतली.

२७ जुलै
रात्री आरामखुर्चीतच काढतेय. आडवं होणं जमतं, उठणं जमत नाही. बाहेर पाऊस, मधूनच कसाऱ्याकडे जाणारी मालगाडी. ठणका गेला. आता नुसती ओढ राहिलीय, शिवण काढताना कापड ताणावं तशी. आकड्यात सांगायचं तर चार. पण आठवड्यापूर्वीचे चार आणि हे चार एक नव्हेत. गोळी दिवसाला एकावर आली.

१२ ऑगस्ट, सोमवार
तिसरा चेंडू काल वर गेला आणि क्षणभर तिथेच राहिला. सासूबाईंनी टाळी वाजवली.

आज ऑफिस. टिटवाळ्याला डबा भरला. कुणाचं कोपर लागू नये म्हणून खिडकीशी कूस करून बसले. आंबिवलीच्या पुढे शिंक आली, पर्स कधी छातीशी आवळली कळलंच नाही. समोरची अनोळखी बाई माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "बरगडी ना? माझी दोन वर्षांपूर्वी." आणि सरकून तिने माझ्या बाजूला आपली पिशवी मधे ठेवली.