मंगळवारची सभा

सॅन होजे, कॅलिफोर्निया

ती. मामा,


तुझं पत्र पोचलं. पुणं आणि सॅन होजे १९९२ सालापासून भगिनी शहरं आहेत, मग इतक्या वर्षांत या नात्याचा एका तरी खड्ड्याला उपयोग झाला का, असं तू विचारलंयस. त्याच्या खाली आणखी एक प्रश्न आहे: तुमच्या शहराला मेक्सिकोतली दोन दोन शहरं बहिणी म्हणून कशाला हवीत, हारतुरे आणि भाषणं सोडून त्यात असतं काय? सगळी नोकरी पथ विभागात काढलेल्या माणसाने हे विचारायलाच हवं. फोनवर दोन वाक्यांत याचं उत्तर देणं मला बरं वाटेना, म्हणून लिहायला बसले.

आधी इथली सभा कशी असते ते सांगते. नगर परिषद मंगळवारी भरते. दहा प्रभागांचे दहा सदस्य आणि एक महापौर, बस्स. शहर दहा लाखांच्या आसपासचं, म्हणजे एका सदस्यामागे लाखभर माणसं. विषयपत्रिका ७२ तास आधी लोकांसमोर ठेवावी लागते. १९५३ च्या ब्राउन कायद्याखालचं हे बंधन आहे, आणि पत्रिकेवर नसलेल्या विषयावर एरवी सभेला निर्णय घेता येत नाही. आपल्याकडच्या ‘आयत्या वेळच्या विषयां’ना इथे वाव जवळजवळ नाहीच. नागरिक उठून बोलतात, स्पॅनिश आणि व्हिएतनामी बोलणाऱ्यांसाठी दुभाषे असतात. आपल्याकडे आयुक्त राज्य सरकार पाठवतं. इथला सिटी मॅनेजर सभा नेमते आणि सभाच त्याला काढू शकते. अधिकारी उत्तर द्यायला उभे राहतात तेव्हा त्यांच्या सुरातही हा फरक ऐकू येतो. त्याच पत्रिकेवर डांबरीकरणाचं कंत्राट असतं, गटारांच्या दुरुस्तीची मंजुरी असते, आणि कधी परदेशातल्या एखाद्या शहराशी नातं जोडण्याचा ठरावही असतो. हे सगळं तेच अकरा जण हाताळतात.

आता रस्ते. शहराच्या ताब्यात सुमारे अडीच हजार मैल रस्ते आहेत, म्हणजे चार हजार किलोमीटर धर. भेगा, खचलेले भाग, उखडलेला पृष्ठभाग हे सगळं मोजून रस्त्याला शून्य ते शंभरमध्ये गुण देतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवतालच्या, म्हणजे बे एरियातल्या, सगळ्या गावांची सरासरी प्रादेशिक वाहतूक आयोग जाहीर करतो, त्यामुळे शेजारच्या गावाच्या तुलनेत आपण कुठे आहोत हे कोणालाही घरबसल्या कळतं. २००८ नंतरच्या मंदीत पैसा आटला आणि वस्त्यांमधल्या आतल्या रस्त्यांची देखभाल मागे पडली. तिथून सावरायला तीन ठिकाणांहून पैसा आला. २०१६ मध्ये जिल्ह्याने विक्रीकरात अर्ध्या टक्क्याची वाढ स्वीकारली. २०१७ मध्ये राज्याने पेट्रोलवर गॅलनमागे १२ सेंट वाढवले. नोव्हेंबर २०१८ मध्ये शहराने ६५ कोटी डॉलरचे रोखे काढायची परवानगी मतदारांकडे मागितली. त्यातले ३० कोटी रस्त्यांसाठी होते आणि फेड घरपट्टीतून व्हायची होती. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर राज्याची ती पेट्रोलवरची वाढ रद्द करण्याचा प्रस्तावही होता. लोकांनी तो फेटाळला आणि रोख्यांना होकार दिला. अशा रोख्यांना दोन तृतीयांश मतं लागतात, निम्म्याहून एक जास्त असून भागत नाही. हा दोन तृतीयांशाचा आकडा लक्षात ठेव, त्याच्यावरच मी पुढे येणार आहे.

कामाची पद्धत तुला आवडेल. बरा रस्ता आधी धरतात. सत्तर गुणांच्या रस्त्यावर वेळेत स्लरी सील, म्हणजे डांबर आणि बारीक खडीचा पातळ लेप, झालं तर तो कित्येक वर्षं तग धरतो. तोच तिशीवर घसरला की खालच्या थरापर्यंत उकरावा लागतो आणि खर्च अनेक पटींनी चढतो. सभेत लोक संतापून विचारतात, माझ्या दारातला उखडलेला सोडून तो चांगला रस्ता का करताय? अधिकारी तक्ता लावून पुन्हा तेच समजावतात. मला त्या अधिकाऱ्यांबद्दल आदर वाटतो, कारण ‘आधी तुमचंच करतो’ म्हणून टाळ्या घेणं फार सोपं असतं.

आणखी एक नियम सांगते, तो तुझ्या मित्रांनाही सांग. अपंगांच्या हक्कांचा कायदा इथे १९९० मध्ये झाला. फिलाडेल्फियातल्या अपंग नागरिकांच्या दाव्यात १९९३ साली अपील न्यायालयाने ठरवलं की रस्त्यावर नवा थर चढवला तर त्याबरोबर कोपऱ्यावरच्या पदपथाला चाकाच्या खुर्चीसाठी उतारही करून दिला पाहिजे. पुढे सीमारेषा कुठे, यावर वाद होत राहिला. २०१३ मध्ये केंद्राच्या न्याय आणि वाहतूक खात्यांनी ती आखून दिली: स्लरी सील ही देखभाल, त्याहून भक्कम लेपाचं मायक्रोसरफेसिंग हा बदल. त्यामुळे मायक्रोसरफेसिंगचं अंदाजपत्रक करताना कोपऱ्यांवरच्या उतारांचाही हिशेब धरावाच लागतो. रस्ता चालणाऱ्याचा आणि खुर्चीवरून जाणाऱ्याचाही आहे, हे इथे अंदाजपत्रकातच लिहिलेलं सापडतं. आपल्याकडे हा खर्च वेगळ्या ‘पदपथ’ शीर्षाखाली जातो आणि तिथेच राहून जातो, हे तूच मला शिकवलंस.

आता ते दोन तृतीयांश. या गावातला साधारण दर तिसरा माणूस लॅटिन अमेरिकी मुळाचा, आणि त्यातल्या बहुतेकांची मुळं मेक्सिकोत. त्यांना आपलं मानल्याशिवाय इथे रोख्यांचा कुठलाही प्रस्ताव पार पडणार नाही. आणि ती माणसं काल आलेली नाहीत. हे गाव स्पॅनिश अमलात १७७७ मध्ये वसलं. ग्वादालुपे नदीचं पाणी शेतांना देणारा पाट खणणं आणि तो साफ ठेवणं हे गावाच्या पहिल्या सामूहिक कामांपैकी एक. १८२१ पासून गाव मेक्सिकोत होतं, आणि १८४८ च्या तहाने अमेरिकेकडे आलं. पूर्व सॅन होजेतल्या ‘साल सी पुएदेस’ या वस्तीत शेतमजुरांचे नेते सेझार चावेझ राहिले, लोकांना संघटित करण्याचं काम ते तिथेच शिकले. शहराच्या मधल्या चौकाला आज त्यांचंच नाव आहे.

यावर एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८४६ मध्ये अमेरिका आणि मेक्सिकोच्या युद्धात थॉमस फॅलन नावाच्या कप्तानाने सॅन होजेत अमेरिकेचा झेंडा चढवला. पुढे तो इथला महापौरही झाला. १९८० च्या दशकाच्या शेवटी, टॉम मॅकेनरी महापौर असताना, शहराने त्याचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा करून घेतला. मेक्सिकन वंशाच्या नागरिकांनी विचारलं, आम्ही जिंकले गेलो त्या दिवसाचं स्मारक आमच्याच करातून का? पुतळा दहा वर्षांहून जास्त गोदामात पडून राहिला. २००२ मध्ये तो उभा राहिला, तरी वाद मिटला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये सभेने तो हलवायचं ठरवलं आणि एप्रिल २०२३ मध्ये तो उचलला गेला. मध्यंतरी किती सभा, किती सदस्य, किती महापौर होऊन गेले. त्या सुनावण्यांमध्ये म्हाताऱ्या बायका माइकसमोर येऊन आपल्या आजोबांच्या शेताबद्दल बोलल्या. पुतळा हलला हे योग्य झालं असं माझं ठाम मत आहे, आणि तो प्रश्न इतकी वर्षं लांबला हे शहराचं दुर्दैव.

मेक्सिकोशी असलेली नाती मी या पार्श्वभूमीवर पाहते. वेराक्रूझशी १९७५ मध्ये जुळलं, ग्वादालाहाराशी २०१४ मध्ये. सभा ठराव करते, पुढचं काम स्वयंसेवकांच्या समित्या करतात. केंद्रात मेक्सिकोबद्दल काहीही भाषा चालू असो, माझ्या गावाने आपल्या शेजाऱ्यांच्या मूळ गावांना बहीण मानलंय आणि ते दप्तरात नोंदलेलं आहे. ज्याची आजी ग्वादालाहाराच्या हालिस्को प्रांतातली आहे, त्याने सभागृहात त्या शहराचं नाव ऐकलं की ही सभा आपलीही आहे असं त्याला वाटतं, आणि मग घरपट्टी वाढवणाऱ्या रोख्यांवर तो निदान विचार तरी करतो. तू याला भावनेचा भाग म्हणशील. मी त्याला महापालिकेच्या कामाचाच भाग म्हणते.

आणि रस्त्याचंच बोलायचं तर हे बघ. रविवारी मोठे रस्ते मोटारींना बंद करून माणसांना आणि सायकलींना मोकळे करायचे, ही रीत मूळची बोगोटाची, १९७० च्या दशकातली. ग्वादालाहाराने ती २००४ मध्ये घेतली. तिथे रविवारी सकाळी गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोरं सायकली चालवतात. सॅन होजेत हाच उपक्रम २०१५ पासून ‘विवा कॅये’ या स्पॅनिश नावाने होतो. आपल्याकडे ११ डिसेंबर २०२१ ला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्ता नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक बंद ठेवला होता, त्या दिवशी तू स्वतः तिथे चालून आलास आणि मला फोन केलास. म्हणजे तिन्ही शहरांना एकमेकांशी बोलायला विषय आहे. रस्ता कोणासाठी, हा.

आता पुण्याबद्दल. सॅन होजेची सर्वांत जुनी बहीण जपानमधलं ओकायामा, १९५७ पासूनची. तिथल्या कोराकुएन बागेवरून इथल्या केली पार्कमध्ये १९६५ साली जपानी बाग झाली. फेब्रुवारी २०१७ च्या पुरात तिचं फार नुकसान झालं, तेव्हा लोकांनी ती पुन्हा उभी करायला हात लावला. आणि त्याच कोराकुएनवरून सिंहगड रस्त्यावर दहा एकरांचं पु. ल. देशपांडे उद्यान झालं, जिथे तू रोज सकाळी फिरतोस. एकाच बागेच्या दोन लेकी दोन्ही गावांत आहेत, आणि ही गोष्ट दोन्हीकडे फार कमी लोकांना माहीत आहे. त्याचं मला वाईट वाटतं. पुण्याच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि नंतर कित्येक वर्षं कारभार प्रशासकांकडे राहिला. त्या काळात इथल्या सभेशी बोलायला पलीकडे सभाच नव्हती. नातं फक्त महापौरांच्या भेटींवर टांगलं की असं होतं.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे. खड्ड्याला उपयोग व्हावा असं वाटत असेल तर कनिष्ठ अभियंत्यांना पाठवा. तिकडून दोन, इकडून दोन, महिनाभर, साध्या राहण्याच्या सोयीत. पुण्याच्या मुलांनी इथली गुणांची पद्धत आणि ती लोकांसमोर उघडी ठेवण्याची शिस्त बघावी. इथल्या मुलांनी जंगली महाराज रस्ता बघावा. सत्तरच्या दशकात रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन केलेला तो रस्ता पुढची कित्येक दशकं कसा टिकला, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. इथे वर्षाला जेमतेम पंधरा इंच पाऊस पडतो. पुण्यात चार महिन्यांतच त्याहून बराच जास्त. मोठ्या पावसात डांबर कसं टिकवायचं हे यांनी आपल्याकडूनच शिकायला हवं, विशेषतः अलीकडच्या हिवाळ्यांतली वादळं बघितल्यावर. आणि हमीचा काळ दहा वर्षांचा ठेवून कंत्राटदाराने काम घेतलं होतं, हे ऐकून इथल्या कंत्राट विभागाचे कान टवकारतील.

हे मी नुसतं मनात ठेवलेलं नाही. खुल्या वेळेत माइकवर जाऊन बोलता येतं, पण विषय पत्रिकेवर नसल्यामुळे सभा त्यावर काही करू शकत नाही. तो पत्रिकेवर यायचा तर एखाद्या सदस्याने निवेदन द्यावं लागतं आणि ते नियम समितीतून जावं लागतं. माझ्या प्रभागाच्या कार्यालयाशी मी बोलणं सुरू केलंय, आणि पुण्याच्या समितीतल्या स्वयंसेवकांशीही. दोन्हीकडे पहिला प्रश्न तोच आला: तुमच्याकडे लिहिलेलं काही आहे का?

तेव्हा तू लिही. जंगली महाराज रस्त्याबद्दल तुझ्या वरिष्ठांकडून ऐकलेलं आणि पुढे खोदकामांच्या वेळी स्वतः पाहिलेलं, दोन्ही. पण कुठलं कोणतं ते वेगळं ठेव. खालचे थर, खडीचं माप, पाणी बाजूला काढायची सोय, हमीच्या काळात तपासणी कोण करत असे, हे सगळं. मराठीतच लिही, इंग्रजी मी करीन. पाण्याच्या निचऱ्यावर जरा सविस्तर लिही, इथले अभियंते पहिलं तेच विचारणार आहेत. जमलं तर दिवाळीच्या आत पाठव, म्हणजे नव्या वर्षीच्या अंदाजपत्रकाची चर्चा सुरू होण्याआधी मला तो कागद पुढे करता येईल.

मामीला नमस्कार.

तुझी भाची