खालची बोली

नागपुरात कळमन्याच्या मार्केटात आमची धान्याची अडत आहे. सोयाबीन, तूर, हरभरा. ढीग ओतला की खरेदीदार उकिडवे बसतात, कोपरापर्यंत हात घालून तळाचा माल वर काढतात, दाणा दाताखाली फोडून बघतात. सोयाबीन असेल तर ओलावा मोजायचं यंत्र लावतात. आकडा बाराच्या वर गेला की भाव तिथेच घसरतो. हे सगळं झाल्यावर हर्रास सुरू होतो. मी लहानाचा मोठा झालो तो हेच बघत. आणि मोबाइलवरच्या लिलावात मात्र ज्या नाण्याची कडसुद्धा पाहिली नव्हती, त्यावर मी बिनधास्त बोली लावत गेलो.

मला नाण्यांतलं कळतं असा माझा समज होता, हीच खरी अडचण. आमच्याकडचा एक हमाल एकदा तांब्याचं ‘ईस्ट इंडिया कंपनी’चं नाणं घेऊन आला. एका बाजूला राम, सीता, हनुमान आणि साल १८१८. कोणीतरी त्याला लाखोंची किंमत सांगितली होती. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही, भाविकांना आणि भोळ्या गिऱ्हाइकांना विकायला केलेले ते बिल्ले. मी त्याला नीट समजावलं, पण आतून हसलोही. त्याच सुमारास मी स्वतः नहपानाच्या नाण्यावर डोळा ठेवून बसलो होतो.

नहपानाचं नाणं म्हटलं की जोगळटेंभी आलीच. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी १९०६ साली चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांची ठेव सापडली. क्षत्रप नहपानाची नाणी, आणि त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा मारलेले. एका बाजूला तीन कमानींची टेकडी, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह आणि या ठशांखालून डोकावणारा नहपानाचा गाल, नाक, ग्रीक अक्षरांचे तुकडे. जेत्याने हरलेल्याचा पैसा वितळवला नाही, त्याच्या तोंडावर शिक्का मारून तोच बाजारात फिरवला. इतिहासाची आवड असलेल्या मराठी माणसाला याहून जास्त भुरळ कशाची पडणार? विकणाऱ्याला माझ्यासारख्यांची ही दुखरी नस बरोबर ठाऊक असते.

लिलावात दोन फोटो होते, दोन्ही समोरून काढलेले. वजन दिलं नव्हतं, कडेचा फोटो नव्हता. बोली चढत गेली आणि तिच्यासोबत माझी खात्रीही. इतके लोक भांडताहेत म्हणजे माल खरा असणारच! मार्केटात हा हिशेब चुकत नाही, कारण तिथे वरची बोली देणाऱ्याने आणि त्याच्या खालच्यानेही ढिगात हात घातलेला असतो. फोटोवरच्या लिलावात कोणाचाच हात ढिगात नसतो. मी दुसऱ्याच्या भरवशावर वर जात होतो, तो माझ्या. शिवाय खालची बोली विकणाऱ्याच्याच माणसाची असू शकते, हे मला कळू नये? आयुष्य हर्रासात गेलं माझं.

चार हजारांवर नाणं पदरात पडलं. आलं तेव्हा मी ते थेट इतवारीच्या सराफ ओळीत नेलं. ओळखीच्या सराफाने यंत्राखाली ठेवलं. चांदी चांगली निघाली. वजनही बरोबर, दोन ग्रॅमच्या आसपास. मी पेढे आणायचे तेवढे बाकी ठेवले. चांदी खरी म्हणजे नाणं खरं, ही माझी दुसरी चूक. दोन ग्रॅम चांदीला असे किती पैसे लागतात? खोटं करणारा तिथे कंजुषी करतच नाही. माल परत करायची मुदत अशी कौतुकातच संपली.

शहरातले एक जुने संग्राहक आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांनी नाणं हातात घेतलं, समोरून पाहिलंच नाही. भिंग लावून कडेने फिरवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “काहून घेतलं बे हे?”

मग त्यांनी मला भिंगातून बघायला लावलं. साच्याची दोन अर्धुकं जिथे जुळतात तिथे कडेवर एक रेघ उमटते. ती घासून काढली होती आणि कानशीचे बारीक ओरखडे सगळे एकाच दिशेने गेले होते. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खळगे होते, ओतताना अडकलेल्या हवेचे. पण मला पटलं ते तिसऱ्या खुणेने. ठशावर ठसा मारला की खालचा चेपतो आणि वरच्याच्या रेषा धारदार राहतात. माझ्या नाण्यावर नहपानाचं नाक आणि सातकर्णीची टेकडी सारखीच गुळगुळीत होती, जणू दोघे एकाच दिवशी जन्मले. जन्मलेच होते, एका साच्यातून.

काही महिन्यांनी दुसऱ्या एका लिलावात माझंच नाणं दिसलं. गालावर तोच ओरखडा, कडेला तोच टवका. माझं तर कपाटात होतं. हाताने पाडलेली दोन नाणी एका ठशाची असू शकतात, पण दोन्हींना एकच टवका पडणं शक्य नाही. तेव्हापासून बोली लावण्याआधी मी मागच्या लिलावांचे फोटो चाळतो. जुळं सापडलं तर विषय संपला.

एवढं होऊनही मी आणखी एकदा फसलो, आणि या वेळी नाण्याने नाही, गावाच्या नावाने फसवलं. वाशिम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ साली सातवाहनांच्या नाण्यांची मोठी ठेव सापडली होती. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी तिचा अभ्यास केला. पुराणांच्या यादीत नसलेले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी असे राजे त्या नाण्यांवरूनच कळले. आपल्या वऱ्हाडची गोष्ट! लिलावात ‘तऱ्हाळा ठेव, शेतात नांगरताना निघालेली’ असं लिहिलेली पाच नाणी दिसली आणि मी नेहमीच्या भावाच्या दुप्पट मोजले. नाणी बहुधा खरीच आहेत. पण काका म्हणाले, “गावाचं नाव कोणत्या बाजूला छापलं आहे, दाखव.” बरं, नांगरताना निघाल्याचं खरं धरलं तर गोष्ट आणखी बिघडते. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं दहा रुपयांवरचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. म्हणजे गोष्ट खोटी असेल तर मी ठगवलो गेलो आणि खरी असेल तर चोरीचा माल घेतला. या दोन्हींत मला सुखाची जागा सापडलेली नाही.

हिरव्या-काळ्या गंजावर तर मी आता पै ठेवत नाही. जर्मनीतला कार्ल बेकर (१७७२–१८३०) आपली खोटी नाणी ग्रीस आणि लोखंडाच्या किसासोबत पेटीत भरायचा आणि पेटी घोडागाडीखाली बांधून हिंडायचा. धक्क्यांनी कडा झिजायच्या, काळेपणा चढायचा. दोनशे वर्षांपूर्वी गाडीला बांधून जे व्हायचं ते आज रसायनांत बुडवून होतं.

आता मी विकणाऱ्याकडे वजन, व्यास आणि कडेचा फोटो मागतो. जुनं बिल किंवा जुन्या लिलावाची नोंद आहे का विचारतो आणि नाणं खोटं निघालं तर कधीही परत घेईन असं लिहून देणाऱ्याकडूनच घेतो. निदान तसं ठरवलं आहे.

मागच्या महिन्यात पुन्हा एक ठशावर ठसा मारलेला नहपान आला. राहवलं नाही, आधी बोली लावून मोकळा झालो आणि मग कडेचा फोटो मागितला. उत्तर आलं, “फोटोत दिसतं तेच नाणं आहे, घ्यायचं तर घ्या.” एकदा लावलेली बोली मागे घ्यायची सोय नव्हती. सुदैवाने शेवटच्या मिनिटाला कोणीतरी माझ्या वर गेलं आणि नाणं त्याच्या गळ्यात पडलं. त्याच्या खालची बोली माझी होती.