कोरडे चार आठवडे

डावा कान गेला, उजवा निघायच्या तयारीत आहे. मी मनोविकारांचा डॉक्टर; दुसऱ्या एखाद्या शाखेत असतो तर निभलं असतं. पण सोळा वर्षांचं उदास पोरगं मोठ्यानं बोलत नाही, ते टेबलाच्या कडेशी बोलतं. ‘जरा मोठ्यानं सांग’ म्हटलं की वाक्य परत येतं, त्यातलं खरं मात्र येत नाही. यंत्र लावावं तर पंखा, बाकावरचा खोकला आणि केसपेपरची फडफड एकाच मापानं कानात शिरते. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून ओपीडीत माझ्या शेजारी एक तरुण रेसिडेंट बसते. ती ऐकते, मी बघतो. पोरगं बाहेर गेलं की आम्ही भांडतो.

भांडण एकाच गोष्टीवरून. पोरगं पितंही आहे आणि खचलेलंही आहे, तर आधी काय होतं?

याचा निवाडा मी कागदावर करत आलो. आडवी रेघ मारायची, वर दारू, खाली मन. तारखा पोरांना आठवत नाहीत, सण आठवतात. हिंगणघाटकडचा एक पोरगा घ्या (ओळख लागू नये इतपत तपशील बदललेत). तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन हिंडायचं वय सरलं आणि मोठ्या पोळ्याच्या संध्याकाळी काकानं पाजली. मन कधीपासून लागत नाही? ‘कापूस घरात होता न, तवापासून.’ भाव येईल म्हणून बापानं कापूस राखला होता. आतली खोली छतापर्यंत भरलेली, अंगाला खाज सुटायची, म्हणून पोरगा ओसरीवर निजायचा आणि रात्रभर जागा राहायचा. मी खूश. कापूस आधी, पोळा नंतर, म्हणजे मन आधी. पुढच्या खेपेला तोच सांगतो की पहिली मामाच्या लग्नात, कापसाच्याही आधी. रेघ खोडा.

असं झालं की आमचं शास्त्र म्हणतं, थांबा. सॅन दिएगोत ब्राउन आणि शुकिट यांनी १९८८ साली दाखवलं की व्यसनाच्या उपचाराला आलेल्या पुरुषांपैकी ४२ टक्क्यांना दाखल होताना नैराश्य होतं, आणि दारूविना चार आठवडे गेल्यावर ते ६ टक्क्यांतच उरलं. हा आकडा मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांच्या तोंडावर फेकला. चार आठवडे कोरडे काढा, उरेल ते खरं नैराश्य.

पण ते पुरुष होते, व्यसनात रुतलेले, आणि रुग्णालयात होते. आमची पोरं रोज पीत नाहीत. बाजाराच्या दिवशी पन्नी फोडतात, ओकेस्तोवर पितात, मग आठवडाभर काही नाही. सुकवायला आधी भिजलेलं तरी असावं लागतं! आणि ते चार आठवडे आणायचे कुठून?

गांधींचा जिल्हा म्हणून इथं वर्ध्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. ‘वर्धेत दारू बंद आहे न साहेब, मग हा आनते कुठून?’ असं विचारणाऱ्या बापाच्या तोंडाला सकाळी अकरालाच वास येत असतो. मोहा सडवा नष्ट केल्याचे फोटो पेपरात येतात आणि नदीपलीकडून पेट्याही येतात. बंदी असावी की नसावी, या वादात मी पडत नाही. एवढंच दिसतं, की राज्यात बंदी नाही तिथं दारूसाठी पंचवीस आणि बिअरसाठी एकवीस वर्षांची अट निदान कागदावर तरी आहे. इथं विकणाराच चोर, तो कशाला वय विचारेल?

भरती करावं तर २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा. अल्पवयीनाला मोठ्यांपासून वेगळं ठेवा, दोघा तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासा, पालकानं किंवा त्यानं नेमलेल्या कुणी पूर्णवेळ सोबत राहावं. कायदा चांगलाच आहे. पण सोबत बाप राहतो, आणि दुसऱ्या सकाळी बापाच्याच हातातला चहा सांडायला लागतो. मग आम्ही दोघांनाही गोळ्या देतो.

यापेक्षा भिंतींवरचे ‘न सांगता दारू सोडवा’वाले सुखी. वरणात कालवायची पूड देतात, पैसे घेतात, नाडी कधी बघत नाहीत. काही केंद्रं सोळा वर्षांच्या पोराला चाळिशीच्या गड्यांत कोंडतात. तो तिथून शिकून येतो. आणि चकचकीत दवाखाने तीन मिनिटांत फ्लुऑक्सेटिन ही नैराश्याची गोळी लिहून ‘महिन्यानं या’ म्हणतात. अमेरिकेत २००४ मध्ये नैराश्यावरच्या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत इशारा आला, कारण चाचण्यांत गोळी घेणाऱ्या मुलांत आत्महत्येचे विचार किंवा प्रयत्न ४ टक्क्यांत दिसले, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत २ टक्क्यांत. म्हणून गोळी दिली की आठवड्यात परत बोलावायचं. घरात फवारणीचं औषध कुठं ठेवलंय, हे तर मी दारूच्याही आधी विचारतो. त्यावर आमचं भांडण नाही.

भांडण थांबण्यावरून. ती म्हणते, सर, तुम्ही वाट बघता तेव्हा पोराशी कोण बोलतं? मी पिट्सबर्गचा कॉर्नेलियस यांचा २००९ चा अभ्यास काढतो: नैराश्य आणि दारू दोन्ही असलेली पन्नास मुलं, फ्लुऑक्सेटिन खोट्या गोळीहून सरस ठरलं नाही. ती शांतपणे म्हणते, पण दोन्ही गट सुधारले ना? दोन्हींशी पहिल्या दिवसापासून कुणीतरी बोलत होतं. गोव्यात ‘संगथ’ संस्थेनं साध्या माणसांना शिकवून आरोग्य केंद्रांत समुपदेशनाला बसवलं, नैराश्याचा आणि पुरुषांच्या दारूचा असे दोन अभ्यास २०१७ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्यात अठराखालचं कुणी नाही आणि दारं दोन वेगळी, हे माझं म्हणणं. ती म्हणते, मग आपण एकच दार ठेवू.

खरं सांगू? चार आठवड्यांनी ‘मी म्हटलं नव्हतं?’ म्हणण्यात एक सुख आहे, आणि ते माझ्याकडून सुटत नाही. आधी काय ते ओळखणारा अशी जिल्ह्यात माझी ख्याती होती. निदान मला तसं वाटायचं. त्या हिंगणघाटकडच्या पोराला या क्रमाशी काही देणंघेणं नव्हतं. ‘पेल्यावर झोप येते, बस,’ एवढंच त्याचं म्हणणं. तिनं माझ्या रेघेखाली आणखी एक रेघ ओढली, बापाची. माझ्या देखण्या कागदाची तिनं पार रया घालवली.

केसपेपरवर तिनं लिहिलं: दोन्ही उपचार आजपासून. आधी झोप. गोळीचं पुढच्या मंगळवारी बघू. रोज दुपारी आजोबांसोबत शेतात. बापाचा वेगळा केसपेपर. त्याखाली मी सही केली, तिच्याहून जरा मोठी.