अंश गेला, जंतू राहिला

कोंबडीच्या मांसात प्रतिजैविकाचा अंश नाही असा अहवाल आला की विकणारा आणि खाणारा दोघंही निर्धास्त होतात. हा निर्धास्तपणा मला पटत नाही. ती चाचणी औषध शोधते, जिवाणू नव्हे. कापण्याआधी ठरलेले दिवस औषध बंद ठेवलं की ते शरीरातून निघून जातं. त्याला पुरून उरलेले ई. कोलाय जिवाणू मात्र आतड्यात राहतात आणि साफ करताना मांसावर येतात. म्हणून इंदुरात अन्नपूर्णा भागातल्या दुकानातलं मांस तपासायचं तर कल्चर हवंच: २५ ग्रॅम मांस २२५ मिलिलिटर पेप्टोन पाण्यात रात्रभर उबवायचं, मग ते पाणी सेफोटॅक्सिम हे प्रतिजैविक घातलेल्या मॅककॉन्की अगारच्या प्लेटवर रेघा ओढून पसरायचं. गुलाबी वसाहती उगवल्या की संशय पक्का, पुढे ओळख पटवणं सुरू. पण अशी प्लेट हजारांतला एखादा चिवट जंतूही वर काढते; ती फक्त ‘आहे’ एवढंच सांगते. प्रमाण हवं तर औषध नसलेल्या प्लेटवरच्या वसाहती उचलाव्या लागतात. कोणती प्लेट वापरली हे न सांगता टक्केवारी देणारा अहवाल माझ्या लेखी निरुपयोगी.

कोलिस्टिन या प्रतिजैविकासाठी तर औषधाच्या डिस्कची नेहमीची चाचणीही चालत नाही. रेणू मोठा, अगारमध्ये नीट पसरत नाही, डिस्कभोवतीचं वर्तुळ फसवं येतं. तिथे द्रव माध्यमातली चाचणीच लागते. हा खटाटोप टाळता येणार नाही. २०१५ साली चीनमधल्या संशोधकांनी कोलिस्टिनला दाद न देण्याची ताकद देणारं, एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणारं एमसीआर-१ जनुक कच्च्या मांसाच्या ५२३ पैकी ७८ नमुन्यांत दाखवलं. रुग्णांमध्येही ते सापडलं. भारतानं जुलै २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. बंदी मोडली गेल्याचं फार तर अंशावरून कळेल. तिचा गुण आला का, हे जंतूंनाच विचारावं लागेल.

आपल्याकडे मांस रटरटून शिजतं, मग भीती कसली, असं म्हणतात. रश्श्यापुरतं खरं आहे. पण त्याच सुरीनं काकडी चिरली जाते, आणि पोल्ट्रीतला मजूर किंवा शेतात पडणारं कोंबडखत कुकरमधून जात नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर मांस खाऊन झालेलं असतं. बरोबर, तो तुकडा थांबवणं हे या चाचणीचं काम नव्हेच. नमुना कोणत्या पोल्ट्रीचा हे नोंदलं, तर पुढच्या खेपेला तिथे कोणतं औषध द्यायचं नाही, हे पशुवैद्याला ठरवता येतं. तशी नोंद दुकानदाराच्या वहीत क्वचितच असते.