बार न काढण्यासाठी

पावसाळा सरता सरता जुन्या दुर्बिणीची चामडी पेटी उघडली की एक वास येतो. ओल्या चामड्याचा, हिरवट पडलेल्या पितळी बकलाचा आणि त्याच्या खाली दबलेला बुरशीचा. भिंग उजेडासमोर धरलं की काचेच्या आत कोळिष्टकासारखे तंतू पसरलेले दिसतात. ही बुरशी भिंगावरचा लेप खाते, आणि लेप गेला की कितीही पुसलं तरी काच पूर्वीसारखी होत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर कुणाच्या ना कुणाच्या घरी दर वर्षी एखादी दुर्बीण अशी जाते. मग प्रश्न येतो, आता कोणती घ्यायची? फार महाग परवडत नाही, अगदी स्वस्त घ्यायला मन धजत नाही. या मधल्या किमतीच्या प्रश्नाचं सर्वांत विचारपूर्वक उत्तर शिकाऱ्यांनी शोधलेलं आहे असं माझं मत आहे. पक्षिनिरीक्षकाला सकाळी आठचं ऊन चालतं. शिकाऱ्याची दुर्बीण मात्र झुंजुमुंजु झाल्यावर आणि तिन्हीसांजेला, गारठलेल्या हातांत, तासन्‌तास डोळ्यांना लागलेली असते. शिवाय तिच्यातून चुकीचं दिसलं तर एक जीव जातो.

शिकारीच्या जुन्या छायाचित्रांतलं एक दृश्य मनातून हटत नाही. पुढे साहेब किंवा संस्थानिक, हातात रायफल, पायाशी वाघ. चौकटीच्या कडेला कुणीतरी उभा असतो, त्याच्या खांद्यावर दुर्बिणीची पेटी. बंदूक धन्याच्या हातात आणि दुर्बीण नोकराच्या खांद्यावर, ही मांडणीच मला चुकीची वाटते. बंदुकीला नेम लागतो, पण कशावर नेम धरायचा आणि मुख्य म्हणजे कशावर धरायचा नाही, हे दुर्बीण ठरवते. आज परदेशांत शिकाऱ्यांना जे शिक्षण दिलं जातं त्यात एक नियम ठळकपणे सांगतात, की समोर काय हललं हे रायफलवरच्या दुर्बिणीतून पाहायचं नाही. कारण उघड आहे. ती ज्या दिशेला वळते त्या दिशेला नळीही वळते, आणि झुडपामागे हललेलं ते हरिण नसून दुसरा माणूस असू शकतो. म्हणून हातातली दुर्बीण वेगळी हवी. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात बऱ्याच भागांत एल्क या मोठ्या हरणाचा नर मारायचा तर त्याच्या एका शिंगाला किमान चार टोकं, किंवा कपाळाजवळचा फाटा किमान पाच इंचांचा असावा लागतो. पेनसिल्व्हेनियाने २००२ साली हरणांसाठी असाच शिंगांच्या टोकांचा नियम आणला, तरणे नर वाचावेत म्हणून. म्हणजे अंधुक उजेडात, मान सतत हलवणाऱ्या जनावराच्या शिंगाची टोकं मोजायची आणि मोजदाद पुरी झाली नाही तर हात आवरायचा. शिकाऱ्याच्या दुर्बिणीचं खरं काम हेच आहे. ती बार न काढण्यासाठी असते, आणि तिची निवडही याच कामाला धरून व्हायला हवी.

ही कसोटी लावली की पहिला फटका बसतो तो खोक्यावर छापलेल्या मोठ्या आकड्याला. या आकड्यावर माझा जुना राग आहे. वीस पट, पन्नास पट, झूम करून शंभर पट, अशा जाहिरातींनी कितीतरी मुलांची पहिली दुर्बीण वाया घालवली आहे. त्या थरथरत्या काळपट वर्तुळात काहीच धड दिसत नाही आणि मुलाला वाटतं आपल्यालाच पाहता येत नाही. हिशेब करून बघू. तीनशे मीटरवर उभं असलेलं जनावर आठ पटीच्या दुर्बिणीतून साडेसदतीस मीटरवर असल्यासारखं दिसतं, दहा पटीतून तीस मीटरवर असल्यासारखं. पाच इंचांचा फाटा दोन्ही अंतरांवरून निरोगी डोळ्याला सहज कळतो. पण दुर्बीण दृश्याबरोबर हाताचं कापणंही तितक्याच पटीने वाढवते. चढ चढून धाप लागलेली असताना, वारा असताना, दहा पटीतला तो जास्तीचा तपशील कापण्यातच विरून जातो. त्यात दृश्याचा पसाराही आक्रसतो. पुढचं भिंग साधारण ४२ मिलिमीटरचं असलेल्या दुर्बिणींत हजार मीटरवर आठ पटीतून १३०-१४० मीटर रुंदीचा तुकडा दिसतो, दहा पटीतून ११० मीटरच्या आसपास. जंगलात जनावर शोधायचं असतं तेव्हा ही रुंदी फार कामाची असते.

आता उजेडाचा हिशेब. निवडीचा खरा कस इथे लागतो. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. ८×४२ ला, म्हणजे आठ पट आणि ४२ मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीला, ती सव्वापाच मिलिमीटर, १०×४२ ला ४.२. डोळ्याची बाहुली उन्हात दोन-तीन मिलिमीटरची असते, त्यामुळे दुपारी दुकानात दोन्ही दुर्बिणी सारख्याच उजळ वाटतात. संधिप्रकाशात बाहुली पाच मिलिमीटरच्या पुढे उघडली की जाडीचा हा फरक वर्गाने मोजावा लागतो आणि आठ पटीचं चित्र दहा पटीपेक्षा सुमारे दीडपट उजळ पडतं. जर्मनीत उंच मचाणावर बसणारे शिकारी अनेक पिढ्या ८×५६ सारखी अवजड दुर्बीण का बाळगत आले, हे तिथल्या कायद्यावरून कळतं. तिथे सूर्यास्तानंतर दीड तासाने कायद्याची रात्र सुरू होते आणि सूर्योदयापूर्वी दीड तासाने संपते. त्या रात्री रानडुक्कर सोडून बाकी खुरांच्या सावजावर बार काढता येत नाही, पण तोवरचा दीड तास त्यांचा असतो. अमेरिकेच्या अनेक राज्यांत मोठ्या सावजासाठी ही मुदत सूर्यास्तानंतर फक्त अर्ध्या तासाची. अर्ध्या तासाच्या उजेडाला ४२ मिलिमीटरची दुर्बीण पुरते, दीड तासाला ५६ ची लागते. शिवाय वय वाढतं तशी बाहुली कमी उघडते. पन्नाशीपुढच्या बहुतेकांच्या डोळ्यांत सात मिलिमीटरचा झोत मावतच नाही, त्यामुळे ८×५६ चा बराचसा उजेड बाहुलीबाहेर सांडतो. सव्वापाचचा झोत तरुणालाही उपयोगी पडतो आणि म्हाताऱ्यालाही.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो आणि तो पोकळ नाही. अंधुक उजेडात डोळ्याची बारकावे टिपण्याची शक्ती घटते, म्हणून तेव्हा चित्र उजळ असण्याइतकंच ते मोठं असणंही महत्त्वाचं. यासाठी संधिप्रकाशाचा एक गुणांक काढतात. पट आणि व्यास यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. ८×४२ ला तो १८.३, १०×४२ ला २०.५, म्हणजे दहा पट वरचढ. पण हेच सूत्र २०×२५ च्या खिशातल्या दुर्बिणीला २२.४ देतं, ८×५६ पेक्षाही जास्त. त्या दुर्बिणीचा प्रकाशझोत जेमतेम सव्वा मिलिमीटरचा असतो आणि दिवस मावळताच तिच्यातून काळोखाशिवाय काही दिसत नाही. तेव्हा हा गुणांक एकटा घेऊन चालत नाही. तिपाईवर बसवलेल्या दुर्बिणीपुरता तो खरा. ॲरिझोनाच्या उघड्या डोंगरांत समोरची उतरण वीतवीत करून पाहणारे शिकारी पंधरा पटीची दुर्बीण तिपाईवर लावतात आणि ते योग्यच करतात. एक किलोमीटरवर पाहायचं असेल आणि बूड टेकून बसायला वेळ असेल, तर दहा किंवा पंधरा घ्यावी. हातात धरून, चालता चालता, झाडीत पाहणाऱ्याला आठ.

मग पैसे कशाचे द्यायचे? मुख्यतः लेपांचे. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग असले की एक तृतीयांश उजेड वाटेतच संपतो, आणि परत फिरलेला प्रकाश आतल्या आत भटकून चित्र दुधाळ करतो तो वेगळाच. झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काचेवर पातळ लेप देऊन हा तोटा कमी करण्याची रीत शोधली. आजचे अनेकपदरी लेप पृष्ठभागामागे अर्धा टक्का किंवा त्याहून कमी गमावतात. सरळ नळ्यांच्या सुटसुटीत दुर्बिणींत छपराच्या आकाराचे लोलक असतात. त्यांत प्रकाश दोन वाटांनी जाऊन पुन्हा जुळताना त्याच्या लहरींत कलाभेद पडतो आणि बारीक रेषा पुसट होतात. १९८८ मध्ये झाइसनेच त्यावरचा लेप बाजारात आणला. तेव्हा तो श्रीमंतांच्या दुर्बिणीत होता. आज ३०० ते ६०० डॉलरच्या दुर्बिणीत तो असतो, आतला आरसाही उच्च परावर्तनाचा असतो, नळ्या पाणी शिरू नये अशा बंद करून त्यांत नायट्रोजन भरलेला असतो. आयातशुल्क धरून आपल्याकडे किंमत चढी पडते, पण दर्जा तोच. यापेक्षा बऱ्याच स्वस्त वस्तूत यातलं काहीतरी गळतं. बहुधा कलाभेदाचा लेप, आणि पुष्कळदा दोन नळ्यांची समांतरता. नळ्या जरा तिरक्या असल्या तर डोळे ते सांभाळून घेतात आणि तासाभरात कपाळ ठणकायला लागतं.

उलट बाजूने सांगितलं जातं की आयुष्यात एकदाच घ्यायची तर सर्वोत्तम घ्यावी, अडीच-तीन हजार डॉलरची. त्या दुर्बिणी सुंदर असतात यात शंका नाही. कडेपर्यंत रेखीव चित्र, मावळत्या सूर्याच्या बाजूला पाहतानाही न फुटणारा काळोख, आणि मागे भक्कम सेवा. पण प्रकाशाचा हिशेब पाहा. उत्तम दुर्बीण ९० टक्क्यांच्या आसपास प्रकाश डोळ्यापर्यंत पोचवते, चांगली मध्यम दुर्बीण ८५ च्या आसपास. हा फरक संध्याकाळी डोळ्याला जाणवत नाही. दहाऐवजी आठ पट घेतल्याने होणारी दीडपट वाढ जाणवते, आणि तिला एक पैसाही जास्त पडत नाही. पाचपट पैसे देऊन शिकाऱ्याला पाच टक्के प्रकाश मिळतो. शिंगांची टोकं मोजून घ्यायचा निर्णय तेवढ्याने बदलत नाही.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा तिच्या आरमाराकडे पुरेशा दुर्बिणी नव्हत्या, कारण चांगली काच जर्मनीतून येत असे. तेव्हाचे नौदलाचे साहाय्यक सचिव फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या नावाने नागरिकांना आवाहन झालं की आपापल्या दुर्बिणी आरमाराला उसन्या द्या. सरकारला फुकट काही घेता येत नसल्यामुळे प्रत्येकी एक डॉलर दिला गेला. शर्यतीच्या मैदानावरच्या, नाटकाच्या सज्जातल्या, शिकारीच्या पेटीतल्या दुर्बिणी पाणबुड्या शोधायला समुद्रावर गेल्या. इतकं बलाढ्य राष्ट्र घराघरांतून भिंगं मागत होतं. सामान्य पगारात घेता येईल अशी खरोखर चांगली दुर्बीण ही फार अलीकडची गोष्ट आहे, म्हणून मधल्या किमतीकडे तडजोड म्हणून पाहणं मला अन्यायाचं वाटतं.

आपल्याकडचा वाचक विचारेल, शिकार तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आवळली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही गेली, मग शिकाऱ्याच्या दुर्बिणीचं इथे काय काम? मला वाटतं, शिकारीतला जो भाग टिकायला हवा होता तोच टिकला. बंदूक घेऊन रानं तुडवलेले व्यंकटेश माडगूळकर पुढे नागझिऱ्याच्या जंगलात नुसतं पाहण्यासाठी जाऊन राहिले. वाट पाहणं, वारा ओळखणं, न हलता बसणं, दिसलं ते नीट ठरवणं, हे सगळं शिकाऱ्याकडून निरीक्षकाकडे आलं. बिबट्या, भेकर, रातवा हे अजूनही त्याच अर्ध्या उजेडात बाहेर पडतात. भीमाशंकरच्या दाट झाडीत भर दुपारीही शेकरूवर सावली असते. आणि छायाचित्राच्या कडेला उभा असलेला तो पेटीवाला? पुष्कळदा माग काढणारा, जनावर सर्वांत आधी हेरणारा तोच असे, तेही उघड्या डोळ्यांनी. त्याचं नाव छायाचित्राखाली क्वचितच सापडतं. आज त्याच्या जागी वनरक्षक आहे, जंगलातला स्थानिक वाटाड्या आहे. त्याच्या गळ्यात चांगली दुर्बीण असणं मला कुठल्याही हौशी संग्रहापेक्षा महत्त्वाचं वाटतं, आणि ते मधल्या किमतीतच शक्य आहे.

तेव्हा ८×४२ घ्या. लोलकावर कलाभेदाचा लेप आणि सर्व पृष्ठभागांवर अनेकपदरी लेप आहेत का हे विचारा. चष्मा असेल तर नेत्रिकेपासून डोळा पंधरा-सोळा मिलिमीटर मागे ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं का ते पाहा. दुकानात दुपारी जाऊ नका, दिवेलागणीला जा, दुर्बीण घेऊन रस्त्यावर या आणि समोरच्या झाडाच्या सावलीतली पानं दहा मिनिटं पाहत राहा. कपाळ ठणकलं नाही आणि पानं वेगवेगळी दिसली, तर तीच घ्या. उरलेल्या पैशांत शक्य असेल तर दुसरी घ्या आणि तुम्ही ज्या जंगलात जाता तिथल्या वाटाड्याला द्या.