मनीचा टर्नआउट

लखनौला बदली झाली तेव्हा कॅन्टोन्मेंटमधल्या क्वार्टरच्या यादीत माझं नाव बरंच खाली होतं. त्यामुळे आम्ही गोमतीच्या पलीकडे, निशातगंजला भाड्याने घर घेतलं. सिकंदरबागेकडून पूल ओलांडला की निशातगंज लागतं. तिथल्या गल्ल्यांना नंबर आहेत. तिसरी गल्ली, पाचवी गल्ली असा पत्ता सांगायचा. फौजी माणसाला हे ग्रिड रेफरन्ससारखं सोयीचं वाटतं.

घराबरोबर मांजरही आलं. आधीचे भाडेकरू जाताना तिला मागे ठेवून गेले होते. पांढरी, लांब केसांची, पर्शियन आजी आणि गल्लीतला आजोबा असावा अशी. लेकीने तिचं नाव मनी ठेवलं. आपल्याकडे मांजराचं नाव मनी असण्यात काही विशेष नाही, पण दूधवाल्याला ते इंग्रजी वाटलं. "साहब, बिल्ली का नाम पैसा?" असं त्याने विचारलं, आणि पुढे तो तिला 'लक्ष्मीजी' म्हणू लागला.

लक्ष्मीजींची अवस्था मात्र बघवत नव्हती. काखेत, पोटाखाली, शेपटीच्या मुळाशी केसांच्या जटा झाल्या होत्या. कानाला वास, डोळ्यांखाली तपकिरी ओघळ. जनावर स्वच्छ करायचं म्हटलं की माझे हात आपोआप खराऱ्याच्या शोधात जातात. खडकवासल्याला घोडेस्वारी शिकताना घोड्याच्या अंगाजवळ उभं राहायला शिकलो, आणि पुढे डोंगरातल्या पोस्टिंगवर खेचरं पाहिली. खेचराला खरारा करणं ही साधी ड्रिल आहे. मानेपासून मागे, केसांच्या दिशेने, मग पाय, मग खूर. खेचर नाराज असेल तर लाथ मारतं, पण एकूण ते तुमच्या हाती असतं. मांजर कुणाच्याच हाती नसतं. आणि मुळात त्याला आपल्या खराऱ्याची गरजही नसते, कारण त्याचा खरारा त्याच्या तोंडातच असतो.

मांजराच्या जिभेवरचे काटे आपल्याला सॅंडपेपरसारखे लागतात. ते भरीव असतात अशी बरीच वर्षं समजूत होती. 2018 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या दोन संशोधकांनी दाखवलं की त्यांची टोकं पन्हाळीसारखी पोकळ असतात. तोंडातली लाळ त्या पन्हाळीत चढते आणि केसांच्या मुळाशी, थेट कातडीपर्यंत पोचते. लखनौच्या मे महिन्यात हीच लाळ वाळताना अंग गारही करते. म्हणजे धुणं, विंचरणं आणि कूलर, तिन्ही एकाच यंत्रात.

या यंत्राची एक मोठी अडचण आहे. मांजराच्या अंगावर जे जे लागतं ते सगळं पोटात जातं. म्हणून मांजर स्वच्छ ठेवणं म्हणजे त्याला आंघोळ घालणं नव्हे. निरोगी, आखूड केसांच्या घरच्या मांजराला एरवी आंघोळ लागतच नाही. काम असतं ते त्याच्या आजूबाजूचं. मनी आली त्याच आठवड्यात आमच्या घरातून फिनाइल हद्दपार झालं. फिनॉल जातीची रसायनं शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृताची जी प्रक्रिया लागते, ती मांजरात फार दुबळी असते. फरशी फिनाइलने पुसली, मांजर त्यावरून चाललं, मग निवांत बसून त्याने पंजे चाटले, की झालं. पाण्यात दुधासारखी पांढरी होणारी जंतुनाशकंही त्याच यादीत येतात. कामवाल्या ताईंना आधी पटेना. "बिना फिनाइल के सफ़ाई कैसी, भैया?" मग साबणाचं पाणी आणि वर साध्या पाण्याचा हात यावर तह झाला.

जटांवर घरमालकीणबाईंचा उपाय होता कात्री. त्यांना आम्ही आंटीजी म्हणत असू. शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलणं अस्सल लखनवी, पण मांजराच्या बाबतीत थेट कारवाईच्या मताच्या. जट कात्रीने कापू नये, हे ज्यांच्या घरी लांब केसांचं मांजर आहे त्यांनी लक्षात ठेवावं. जट कातडीला तंबूसारखी वर ओढून धरते, आणि मांजराची कातडी इतकी पातळ असते की केस कुठे संपले आणि कातडी कुठे सुरू झाली ते दिसत नाही. पाणी लावलं तर जट आणखी आवळते. म्हणून आधी डॉक्टर. त्यांनी दात पाहून वय दहाच्या पुढचं सांगितलं आणि क्लिपरने सगळ्या जटा उतरवल्या. मनी घरी आली ती थेट ट्रेनिंग सेंटरमधल्या पहिल्या कटिंगनंतरच्या रिक्रूटसारखी. तितकीच अपमानित.

खाली निघाल्या पिसवा. त्या ओळखायची सोपी पद्धत आहे. अंगावरचे काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवायचे. लालसर तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नाही पसरला तर साधी धूळ. त्यानंतर आजीच्या काळातली बारीक दातांची फणी आणि साबणाच्या पाण्याची वाटी. फणीत आलेली पिसू वाटीत. पण अंगावरच्या पिसवा ही फक्त पुढची तुकडी. अंडी, अळ्या, कोष हा खरा मोठा फौजफाटा गादीत, सतरंजीत, फरशीच्या फटीत दबा धरून असतो. म्हणून दर आठवड्याला अंथरूण गरम पाण्यात धुतलं. औषध डॉक्टरांनी वजनाप्रमाणे दिलं. कुत्र्यांचं पिसवांचं औषध मांजराला कधीच लावू नये. त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं. कुत्रा ते सहज पचवतो, मांजराला झटके येऊन ते जिवावर बेततं.

वाळूच्या ट्रेबद्दल सेवानिवृत्त मंडळी हमखास विचारतात, विशेषतः घरात सून गरोदर असेल तर. टोक्सोप्लाझ्मा हा परोपजीवी मांजराच्या विष्ठेतून पडतो हे खरं, पण पडल्या पडल्या तो लागण करू शकत नाही, त्याला एक ते पाच दिवस लागतात. ट्रे रोज साफ करा, ते काम गरोदर बाईला देऊ नका, हात धुवा. मांजर घराबाहेर काढायची गरज नाही.

मनीला खरोखर आंघोळ घालायची वेळ एकदाच आली, होळीला. दुपारी लेक तिला ओढणीत गुंडाळून धावत आली. अर्धं अंग जांभळं, पाठीवर गुलाल, आणि मनीने चाटायला सुरुवातही केलेली. स्वस्त पक्क्या रंगांत कारखान्यातले डाय आणि धातूंचे क्षार असतात. आता प्रश्न रंग काढण्याचा नव्हता, चाटणं थांबवण्याचा होता.

पहिलं काम, टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळणं, फक्त डोकं बाहेर. दुसरं, कोरडा गुलाल कोरडाच झटकणं, कारण पाणी पडलं की तो बसतो. तोवर शेजारच्या गच्चीवरून सल्ला आला, "मिट्टी का तेल लगाइए, फ़ौरन छूटेगा!" रंग सुटतो हे खरंच, पण रॉकेल आणि टर्पेंटाइन कातडी भाजतात आणि चाटलं तर फुप्फुसांपर्यंत जाऊ शकतात. बायकोने टबात बोटभर कोमट पाणी घेतलं आणि तळाशी जुना टॉवेल अंथरला. पाय घसरला की मांजर घाबरतं, आणि घाबरलेलं मांजर म्हणजे चार ठिकाणी पिना काढलेला ग्रेनेड. पाणी मगाने, मानेपासून खाली, तोंडावर अजिबात नाही. मांजरासाठीचा शॅम्पू डॉक्टरांकडून आधीच आणलेला होता. माणसाचा चालत नाही, दोघांच्या कातडीची आम्लता वेगळी. तीनदा धुतलं, चारदा खळबळलं. मी धरलेलं, बायकोने धुतलेलं, लेकीने सतत बोलत ठेवलेलं. बावीस वर्षांच्या नोकरीत इतकी शिस्तबद्ध तीन माणसांची डिटॅचमेंट कमी पाहिली.

थोडा रंग राहिलाच. म्हणून माझ्या गुडघ्याच्या जुन्या एक्स-रे फिल्मचा शंकू कापला, कडांना चिकटपट्टी लावली आणि तो तिच्या गळ्यात बांधला. डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी लाळ गळणं, उलटी, सुस्ती यांवर लक्ष ठेवायला सांगितलं. रात्रभर आम्ही आळीपाळीने संत्री ड्यूटी केली. पहाटे चारला माझ्या पाळीत तिने शंकूसकट वाटीत डोकं घालून खाल्लं. अंगाची जांभळी छटा केस गळेपर्यंत, जवळजवळ पावसाळ्यापर्यंत, टिकली.

नोव्हेंबरात मात्र वेगळंच दिसलं. पाठीचा मागचा भाग, शेपटीच्या वर, तेलकट आणि चिकटलेला. घरात काही बदललेलं नव्हतं, फणी रोज फिरत होती. बायको म्हणाली, "अहो, ही मळलेली नाही. हिला मागे वळता येत नाहीये."

हे वाक्य ऐकून मला एक नाईक आठवला. उंचावरची पोस्ट होती, पाणी बर्फ वितळवून मिळायचं, तरी हा रोज दाढी करून फॉल इनला उभा. एका आठवड्यात त्याच्या बुटाच्या नाड्या सैल दिसल्या, मग दोन दिवसांची दाढी. एखादा नवा अधिकारी त्याला टर्नआउटवरून झाडला असता. आमचे सुभेदार साहेब त्याला काही बोलले नाहीत, चहा घेऊन त्याच्याजवळ बसले. घरून पत्र आलेलं होतं आणि तीन रात्री तो झोपलेला नव्हता. त्याची रायफल त्याच दिवशी हळूच दुसऱ्याकडे गेली आणि पुढच्या हेलिकॉप्टरने तो खाली. सैनिक असो वा मांजर, रोज स्वतःला नीट ठेवणारा एकाएकी ते थांबवतो तेव्हा साबण देऊन भागत नाही. तो सिक रिपोर्ट असतो, फक्त तोंडी दिलेला नसतो.

मनीच्या मागच्या दोन्ही सांध्यांत झीज निघाली आणि एक दाढ किडलेली. मांजर लंगडत नाही, ओरडत नाही, दुखणं लपवतं. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले तेव्हा नव्वदांमध्ये सांध्यांची झीज दिसली होती. दुखण्याची गोळी डॉक्टरांनीच दिली. इथेही एक सांगून ठेवतो, घरातल्या पॅरासिटामॉलचा तुकडासुद्धा मांजराचा जीव घेतो.

दाढ काढली. ट्रेची एक बाजू कापून बुटकी केली. रोज संध्याकाळी लेक कोमट ओल्या फडक्याने तिची पाठ पुसते, वर फणी फिरवते, महिन्यातून दोनदा नखांची टोकं कापते, कारण म्हाताऱ्या मांजराची नखं वळून पंजात रुततात. आता आम्ही कॅन्टोन्मेंटात आहोत. पुलावरून येताना टोपलीतली मनी सिकंदरबागेपर्यंत ओरडत होती. पुसून झालं की ती अजूनही मान वळवून तीच जागा स्वतः चाटायला बघते. जीभ कमरेपर्यंत पोचते, पुढे नाही. मग थोडा वेळ लेकीकडे बघत बसते, आणि लेक पुन्हा फडकं ओलं करते.