यौवनलोपी

मराठी विश्वकोशाने थायमसला 'यौवनलोपी ग्रंथी' असे नाव दिले आहे. उरोस्थीच्या मागे, हृदयाच्या वरच्या अंगाला तिचे स्थान. बालपणी ती शरीराच्या रक्षक पेशींना शिकवून तयार करते आणि तारुण्य आले की झिजत झिजत चरबीत विरून जाते. नगऱ्यातील आमच्या बिऱ्हाडी हा शब्द आला तेव्हा आमच्या वडीलबंधूंनी, म्हणजे दादांनी, पन्नाशी ओलांडली होती. 'तारुण्यात निरोप घ्यायची ती माझ्याकडेच का मुक्काम करून राहिली?' असे म्हणून ते हसले. हसतानाही त्यांची डावी पापणी वर उठली नाही.

ती पापणी आठ महिन्यांपासून उतरत होती. सकाळी बरी, सायंकाळी अधिक. नेत्रवैद्यांनी चष्मा बदलून दिला. आम्ही मात्र तिला झोप समजलो आणि 'दादा बसल्या जागी पेंगतात' अशी चारचौघांत थट्टा केली. त्या थट्टेची आठवण आजही आम्हांस खाली पाहावयास लावते. पुढे घास चावता चावता त्यांचा जबडा थकू लागला, तेव्हा कोठे निदान झाले: मायस्थेनिया. मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचूच न देणारा हा विकार. असल्या दर दहा रुग्णांत सुमारे एकाच्या थायमसमध्ये गाठ निघते. दादा त्यांतले निघाले.

वरसईचे विष्णुभट गोडसे सत्तावन्नच्या धामधुमीत द्रव्यार्जनासाठी इकडे आले होते. आम्ही पंजाब मेलने उलट दिशेस, मुंबईस निघालो. परळचे टाटा रुग्णालय १९४१ सालचे. १९६२ साली ते अणुऊर्जा खात्याच्या कारभारात गेले. रुग्णालयाची फाईल आरोग्याकडून अणूकडे जावी, हे आम्हां कारकुनांना प्रथम विचित्र वाटते. तेथील तळघरातील यंत्रे पाहिली की वाटत नाही.

गाठ महारोहिणीस आणि महानीलेस बिलगलेली होती. आधी शिरेतून औषधे दिली. ती थोडी आकसली, पण सुटली नाही. शल्यविशारदांनी चित्रे पुन्हा पाहून मान हलवली. उरले किरण. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, रोज २ ग्रे, एकूण ६०. सारी मात्रा एकदम का देत नाहीत, असे आम्ही विचारले. निरोगी पेशी रातोरात आपली डागडुजी करतात, गाठीच्या पेशींना ते तितकेसे साधत नाही, असे उत्तर मिळाले. हृदय, फुप्फुसे आणि पाठीचा कणा यांना झळ लागू नये म्हणून नेम केसाएवढा अचूक हवा; त्यासाठी छातीवर गोंदणाचे बारीक ठिपके काढले. 'बायकांसारखा गोंदवून आलास हो!' आई फोनवर म्हणाली आणि मग बराच वेळ बोललीच नाही.

झाशीकडे या उपचाराला 'सिकाई' म्हणतात. शेकाने दुखणे ओसरावे, इतका साधा तो शब्द! दादांना मात्र गिळताना घशात निखारा अडकल्यासारखे होई. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आम्ही त्यांना पेज भरवीत असू. लहानपणी त्यांनी आम्हांस भरविले होते. दोघांपैकी कोणीही तसे बोलून दाखविले नाही.

गाठ लहान झाली, गेली नाही. पापणीसाठी गोळ्या चालूच आहेत. सायंकाळी आम्ही चोरून तिच्याकडे पाहतो, आणि दादा वर्तमानपत्र उगाचच उंच धरतात. पुढील तपासणी माघात आहे. रजेचा अर्ज आम्ही कालच साहेबांच्या टेबलावर ठेवला. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' एवढेच लिहिले आहे.